पुढच्या रांगेतली मुलगी

मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या सरांनी माझा अर्ज वाचला आणि कपाळावर हात मारला. "छात्रसंघ की उपाध्यक्ष रही हो और एक लाइन में निपटा दिया? अरे, यही तो बेचना है!"

बेचना हा शब्द त्यांनी अगदी सहज वापरला. एमबीएला जायचं तर आपल्याच आयुष्याकडे मालासारखं बघायला शिकावं लागतं, हे त्या क्लासमध्ये पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण सरांचं म्हणणं चूक नव्हतं. मार्क सगळ्यांकडेच असतात, ते सांगत. समोर बसलेल्यांना बघायचं असतं की पगार न देता आणि हुकूम न सोडता तुम्ही कधी कुणाला कामाला लावलंय का, आणि काम बिघडल्यावर जागेवर उभे राहिलात की पळालात. छात्रसंघात हे सगळं झालं होतं. "बस एक दिक्कत है," सर म्हणाले. "कार्यकाल पूरा होने से पहले इस्तीफ़ा दिया है. पूछेंगे ज़रूर. कुछ अच्छा-सा सोच लो."

राग माझ्या नाकावरच असतो. मी म्हटलं, "सर, अच्छा-सा कुछ है ही नहीं." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

आमच्या घरी नेतृत्व हा शब्दच नव्हता. आई त्याला पुढारपण म्हणायची, आणि ज्या सुरात शेजारणी कुणाच्या मुलीचं पळून जाणं सांगतात त्या सुरात म्हणायची. हिंदी मुलखातल्या आमच्या या शहरात, खंडेराव गेटजवळ, आमच्यासारखी थोडी मराठी घरं अजून टिकून आहेत. पूर्वज इथे कुणाचे हिशेब लिहायला, कुणाची पूजा सांगायला आले आणि राहिले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. बाबा कचेरीत कारकून. त्यांची समजूत अशी की आपण थोडे आहोत, आणि थोड्यांनी नेहमी मागच्या रांगेत बसावं, तिथून दार जवळ पडतं. हे ते चेष्टेत म्हणत नसत.

मला पुढच्या रांगेत कुणी बसवलं असेल तर ते माझ्या मराठीपणानंच. आमच्या कॉलेजात प्रत्येक गट उपाध्यक्षपदासाठी एक मुलगी उभी करतो, आणि ती कुणाच्याच डोळ्यांत न खुपणारी लागते. "मराठी है, किसी के लेने-देने में नहीं," असं माझ्याबद्दल ठरलं आणि मी निवडून आले. माझं कर्तृत्व एवढंच की मी होते तिथे कुणाची अडचण होत नव्हती. पण एकदा खुर्ची मिळाल्यावर मी गप्प बसणारी नव्हते. लांबच्या नगरा वस्तीत खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलींची कॉलेजची बस बंद पडली होती, तो प्रश्न मी हातात घेतला.

त्या मुलींमध्ये ती होती. पहिल्या वर्षाला, बीएस्सीला. तहसिलीच्या गावापासूनही बऱ्याच आतल्या खेड्यातून आलेली, बारीक, बोलायला लागली की थांबत नसे. आम्ही मराठी घरात काय खातो, काय बोलतो याचं तिला भारी कुतूहल. माझ्याकडून शब्द शिकून घ्यायची आणि चुकीच्या जागी वापरायची. तिच्या गावातून कॉलेजपर्यंत आलेली ती पहिलीच मुलगी, आणि वडिलांनी तिला पाठवलं ते एका अटीवर. कॉलेज ते खोली, खोली ते कॉलेज, आणि नाव कुठे निघता कामा नये. नाव निघालं की शिक्षण बंद आणि लग्न. हे तिनं मला हसत हसत सांगितलं होतं, एखाद्याच्या घरी रात्री नऊला कुलूप लागतं हे सांगावं तसं. तिला शाळेत विज्ञान शिकवायचं होतं. त्यासाठी तिला तीन वर्षं कुणाच्या नजरेत न येता काढायची होती, बस्स.

बस बंद झाल्यापासून या मुली ऑटोनं यायच्या. वाटेत एका वळणावर मोटरसायकलवाले थांबलेले असत. ते काही करत नसत. रोज थोडे जवळ येत, एवढंच. तिनं एकदा मला विचारलं, "दीदी, ये लोग किस दिन का इंतज़ार कर रहे हैं?" मी त्याच दिवशी ज्ञापन द्यायचं ठरवलं.

ज्ञापन म्हणजे निवेदन, पण आमच्याकडे तो एक पूर्ण विधीच आहे. कॉलेजातून मिरवणूक निघते, कचहरीच्या, म्हणजे कलेक्टर कचेरीच्या, फाटकाशी घोषणा होतात, थोडी ढकलाढकली होते, मग साहेब बाहेर येतात. ते कागद घेतात, "कार्यवाही होगी" म्हणतात, सगळे मिळून फोटो काढतात आणि समोसे खायला जातात. पोलिसांना हे माहीत असतं, साहेबांना माहीत असतं, घोषणा देणाऱ्यांनाही माहीत असतं. त्या कागदाचं पुढे काही होवो न होवो, विधी सहसा मोडत नाही. म्हणूनच मी निर्धास्त होते.

मनात शंकेची पाल चुकचुकली ती आदल्या दिवशी. आमच्या अध्यक्षाला एका नेत्याचा आधार होता. त्यांना सगळे भैयाजी म्हणत. पुढच्या निवडणुकीत तिकीट मिळावं म्हणून ते धडपडत होते. त्यांनी मला बोलावून डोक्यावर हात ठेवला, आमच्या बसची आस्थेनं चौकशी केली आणि सांगितलं की त्यांचीही काही मुलं मिरवणुकीत येतील. मी म्हटलं, बस मुलींची आहे, मुलं कशाला? ते हसले. "भीड़ से वज़न पड़ता है, बिटिया." मग दारापर्यंत सोडायला आले आणि जाता जाता म्हणाले, "लड़कियों को आगे रखना."

मी ते आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "पुढे का गं?"

"पोलीस मुलींवर हात उचलत नाहीत म्हणून असेल."

"आणि उचलला तर कुणाचा फायदा?" आई म्हणाली. पुढारपण या शब्दाला नाक मुरडणारी बाई, पण तिनं एका वाक्यात माझी झोप उडवली.

मिरवणुकीच्या दिवशी सकाळपासूनच लू, म्हणजे इकडचा उन्हाळी गरम वारा, सुरू झाली होती. झाडांची पानंसुद्धा रस्त्यावर खडखडत पळत होती. आम्ही निघालो तेव्हा आम्ही ओळखीच्याच मुली होतो, पण चौकाचौकात गर्दी वाढत गेली आणि मागे वळून पाहिलं की चेहरे अनोळखी दिसू लागले. तोंडाला गमछे बांधलेले, आमच्या कॉलेजचे नसलेले. लष्करी छावणीच्या हद्दीलगतच्या रस्त्यावर आलो तसे आमच्या मुलींचे आवाज नेहमीसारखे आपोआप खाली आले. तिथे इतकी शांतता असते की माणूस स्वतःच्याच चपलांना दबकतो. मागचे मात्र ओरडतच राहिले, आणि त्या घोषणांमध्ये बसचा पत्ता नव्हता. मी लिहून दिलेली एकही घोषणा ते देत नव्हते.

ती माझ्यापासून दूर, कडेला चालत होती. गमछेवाल्यांपैकी दोघं तिच्या अगदी मागे होते. मी तिला हाताला धरून माझ्याजवळ आणलं. "मुझे छोड़कर मत जाना," मी म्हटलं. तिनं मान डोलावली. घामानं तिचा हात निसटत होता.

फाटकाशी पोहोचलो आणि विधी मोडला. साहेब बाहेर आलेच नाहीत. पोलिसांनी बॅरिकेड अगोदरच ओढून ठेवले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर रोजचा कंटाळा नव्हता. फोटोवाले आमच्या आधी येऊन भिंतीवर चढून बसलेले. मला एकदम जाणवलं की या जागेवरच्या प्रत्येकाला पुढे काय होणार हे ठाऊक आहे, फक्त आम्हाला नाही. मागून रेटा आला. "लड़कियाँ आगे! लड़कियाँ आगे!" बॅरिकेडचा लोखंडी बार माझ्या पोटाला टेकला. समोरच्या शिपायानं लाठीची पकड बदलली.

तेव्हा मी जे केलं ते कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. मी वळले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "बैठ जाओ! सब बैठ जाओ!" आणि तिला धरून तापलेल्या डांबरावर बसले. आमच्या मुली एकामागून एक बसत गेल्या. बसलेल्या माणसाला पुढे ढकलता येत नाही, आणि बसलेल्या मुलींना तुडवत पुढे जायची त्या गमछेवाल्यांची छाती झाली नाही. मागच्या मागे त्यांची धार गेली. शिपायानं लाठी खाली घेतली. आम्ही बसूनच राहिलो. डांबराचे चटके बसत होते, आणि ती माझ्या शेजारी मूठ वर करून, सगळा जीव एकवटून ओरडत होती, "बस चालू करो!" इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती भीती विसरली होती.

शेवटी साहेब आले. कागद घेतला. काही दिवसांनी बस खरंच सुरू झाली. कुणाला ओरखडासुद्धा उठला नाही. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला, आणि तो वाटायला हवाच होता. मी मुलाखतीत सांगावी असं सरांना वाटत होतं ती गोष्ट इथेच संपते.

चारेक दिवसांनी तिचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "दीदी, इलाइट चौराहे पर मैं लगी हूँ. उतरवा दो."

मी गेले. चौकात मोठा फ्लेक्स लागला होता. हात जोडलेले भैयाजी, त्यांच्याहून थोडी लहान ती. मूठ वर, तोंड उघडं, ओढणी खांद्यावरून घसरलेली. वर लिहिलेलं, 'अन्याय के आगे न झुकने वाली क्षेत्र की बेटी का अभिनंदन.' खाली तिचं नाव, वडिलांचं नाव आणि गाव. मी तिच्या शेजारी बसलेली होते, पण मला कापून टाकलं होतं. माझ्या कोपराचा तुकडा तेवढा कडेला राहिला होता.

मी तडक भैयाजींकडे गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. ते शांतपणे ऐकत होते. खरं सांगायचं तर ते वाईट माणसासारखे वागलेच नाहीत, आणि त्याचीच मला आजही धडकी भरते. त्यांना मनापासून वाटत होतं की त्यांनी मुलीचा मान केला आहे. "सम्मान किया है बिटिया का," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. लाठ्या पडल्या असत्या तर त्यांना वेगळा फोटो मिळाला असता. नाही पडल्या, तर हा मिळाला. त्यांचं काहीच वाया गेलं नव्हतं. अखेर त्यांनी माणूस पाठवून चौकातला फ्लेक्स उतरवला. मी उठले तेव्हा म्हणाले, "वहाँ वाला तो रहने दो. वहाँ तो लोग बहुत खुश हैं."

"वहाँ कहाँ?"

तिच्या तहसिलीच्या बसस्टँडवर. तिकीट त्यांना तिथलंच हवं होतं. एवढ्या मुलींमधून त्यांनी तिलाच का निवडलं हे मला तेव्हा कळलं. तिचं गाव कुणाकडून तरी विचारून घेतलं होतं.

तिच्या वडिलांनी तो फ्लेक्स माझ्या आधी बघितला होता. मी नगऱ्यातल्या तिच्या खोलीवर गेले तेव्हा तिच्या पलंगाची जागा रिकामी होती. खोलीतल्या मुली म्हणाल्या, वडील आले आणि फक्त "सामान बाँधो" म्हणाले. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती.

मी तिच्या गावी जायचं ठरवलं आणि बाबांनी पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. आई मात्र उठली, पेटीतून नवं पातळ काढलं आणि म्हणाली, "मी येते. बापाशी तू बोलायचं नाहीस. आधी मी आतल्या बाईशी बोलते." आम्ही बसनं तिच्या तहसिलीच्या गावी उतरलो. बसस्टँडवर फ्लेक्स वाऱ्यानं फडफडत होता. आईनं त्याच्याकडे बघितलं आणि माझा हात घट्ट धरला.

घरात आमचं आगतस्वागत नीट झालं. पाणी आलं, गूळ आला. आई आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. मी बाहेर वडिलांसमोर बसले. उन्हानं काळवंडलेला, थकलेला माणूस. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते जमिनीकडे बघत, लेकीला हाक मारावी तसं म्हणाले, "बिन्नू, तुमाई बात अलग है. तुम सहर की हो. हमाई मोड़ी चौराहे पै टँगी है. जो आउत है सो बधाई देत है." मुलगी चौकात टांगलेली, आणि लोक येऊन अभिनंदन करत होते. प्रत्येक अभिनंदनागणिक तो माणूस खचत होता. त्याला मी काय समजावणार होते?

ती आतून एकदाही बाहेर आली नाही. दाराच्या फटीतून मला तिच्या हातातल्या बांगड्या तेवढ्या दिसल्या.

आई बाहेर आली ती ठरवूनच. मुलीच्या आईनं आत नवऱ्याला बोलावून घेतलं, कुजबुज झाली, आणि वडील परत आले तेव्हा त्यांनी अट सांगितली. ती परीक्षा देईल, पुढची वर्षंही करील. शहरात मामाच्या घरी राहील. नेतागिरी बंद. आणि माझ्याशी बोलायचं नाही, मला ओळख द्यायची नाही, शिकते आहे तोवर. एकदा जरी बोलताना दिसली तरी त्याच दिवशी घरी. "मंज़ूर है?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं. दाराच्या फटीतल्या बांगड्या हलल्या नाहीत.

कॉलेजात मी ज्यात असेन त्यात ती असू शकत नव्हती, म्हणून मी राजीनामा दिला. लोकांना वाटलं मी भैयाजींना घाबरले; काहींना वाटलं मी विकली गेले. परीक्षेच्या दिवशी मी फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. ती मामाच्या मोटरसायकलवरून उतरली. तिनं मला बघितलं आणि सरळ पुढे बघत आत गेली. मला रडू आलं, आनंदानं.

पुढच्या वर्षी मुलाखतीत त्यांनी विचारलंच. राजीनामा का? सरांनी सुचवलेलं अच्छा-सा उत्तर मी दिलं नाही. मी म्हटलं, मी पुढे उभी राहिल्यामुळे माझ्या शेजारी बसलेल्या मुलीचं शिक्षण जाणार होतं, म्हणून मी मागे सरले. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, मग तुमच्या नेतृत्वातून तुम्ही इथे काय घेऊन याल? मी म्हटलं, कुठलाही बेत समोर आला की पुढच्या रांगेत कुणाला उभं केलंय हे आधी बघायची सवय. माझी निवड झाली.

ती सवय मी तिथे घेऊन गेले आणि वर्गाला तिचा कंटाळा आणला. दुकानं बंद करायची चर्चा असो की कामगार कमी करायची, फळ्यावर सगळं साफसुथरं उतरायचं आणि मी विचारायची, हे त्यांना तोंडावर सांगायला कोण जाणार? त्याचा चेहरा लोकांच्या लक्षात राहील, त्याचं काय? हुशार मुलं होती ती, माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. पण त्यांच्यातल्या बहुतेकांना आपल्या शेजारी कोण बसलंय ते वळून बघायची वेळच कधी आली नव्हती. काही जण वैतागले. काही जण नंतर तेच विचारू लागले. छात्रसंघानं मला काही दिलं असेल तर एवढंच.

दिवाळीला घरी आले तेव्हा ती मला सदर बाजारात दिसली. मैत्रिणींबरोबर होती, पाठीला पिशवी. आता शेवटच्या वर्षाला असणार. तिची नजर माझ्यावर आली आणि तिनं चटकन मान वळवली. मी घरी जाऊन आईला सांगितलं, "तिनं मला ओळख दिली नाही." आई म्हणाली, "देवाची कृपा." आम्ही दोघी हसलो.

होळीच्या सुट्टीत पुन्हा आले. तिची शेवटची परीक्षा अजून व्हायची होती. मी मानिक चौकात आईसाठी काहीतरी घेत होते आणि ती समोरून येताना दिसली. मी आधीच तोंड फिरवलं, तिला अवघड पडू नये म्हणून. दुकानातल्या आरशात ती जवळ येत होती. तिनं रस्ता बदलला नाही. मला वाटलं गर्दीमुळे असेल. मी आणखी आत सरकले, पाठ केली, जीव मुठीत धरून उभी राहिले. मनात म्हणत होते, जा, पुढे जा, कुणीतरी बघेल.

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी वळले. भांगात कुंकू होतं, हात कोपरापर्यंत हिरव्या चुड्यानं भरलेले. काही पावलं मागे एक वयस्क बाई तिची वाट बघत थांबली होती, आणि तिची काहीच हरकत दिसत नव्हती.

मी ओठांवर बोट ठेवलं. बोलू नकोस, म्हणून.

ती हसली. "अब तो बोल सकते हैं, दीदी," ती म्हणाली.